न सुटणारा बेंच

जगन्नाथ पांचाळचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. एडिसनजवळच्या कपाटांच्या कारखान्यात तो सुतार होता, पाचची पाळी असायची, म्हणून लागलेली ही सवय. पुढे कारखाना सुटला. बायको अहिल्या गेली. एडिसनचं घर विकून, ते पैसे मुलाच्या घरात घालून तो अ‍ॅशबर्नला आला. तरी डोळे चारलाच उघडायचे. उघडून करायचं काय, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. बाहेर डेटा सेंटरची घरघर चाललेली असायची. तो चहा करायचा आणि मुलगा उठायची वाट बघत बसायचा. प्रसन्न सातला उठायचा, ‘मॉर्निंग, बाबा’ म्हणायचा आणि कॉफीचा मग हातात घेऊन गाडीत बसायचा. तेवढंच बोलणं.

प्रसन्नचा जन्म एडिसनचाच. डेटा सेंटरमधली यंत्रं थंड ठेवायचं त्याचं काम. रविवारी रेंजवर जाऊन तो नेमबाजी करायचा. विकतची काडतुसं एकसारखी नसतात, म्हणून झाडलेली रिकामी काडतुसं तळघरात बसून स्वतः भरायचा. आईला हे कधी आवडलं नाही. बापाने कधी विचारलं नाही.

एकदा जगन्नाथ धुतलेले कपडे घ्यायला तळघरात उतरला आणि जिन्यातच थांबला. घडीच्या पत्र्याच्या टेबलावर प्रसन्नने काडतुसं दाबून भरायची प्रेस बसवली होती. दांडा ओढला की टेबल पुढे झुकायचं, सोडला की मागे जायचं.

“हे टेबल आहे का पाळणा?”

“इट वर्क्स, बाबा.”

“तो वजनकाटा बघ. थरथरतोय नुसता. दारू कमीजास्त पडली तर?”

“म्हणून मी वेट करतो ना. काटा थांबतो मग.”

“काम करणाऱ्याने टेबलासाठी थांबायचं? ज्याचं बूड हलतं त्याचं काम हलतं. मी बांधून देतो तुला बेंच.”

प्रसन्नने दांडा सोडून टेबलाकडे बघितलं. मग म्हणाला, “ओके. पण बोल्ट्सवाला बनवा. टेक-अपार्ट करता आला पाहिजे.”

“का?”

“जस्ट, इन केस.”

जगन्नाथला इंग्रजी बेताचं येत होतं, पण ‘इन केस’ कळत होतं. आठवड्यापूर्वी त्याने मुलाला फोनवर अ‍ॅरिझोनाबद्दल बोलताना ऐकलं होतं. तिकडे कंपनीचं नवं सेंटर उभं राहत होतं. तो वर येऊन कागदावर बेंचचा नकाशा काढायला बसला.

तो हर्नडनच्या लाकडाच्या वखारीत गेला. प्रत्येक फळीचं टोक डोळ्यापाशी धरून, एक डोळा मिटून, ती सरळ आहे का बघितलं. वाकडी, गाठीची फळी परत ठेवली. वखारीतला माणूस कंटाळून निघून गेला. लाकूड आणून त्याने आठवडाभर तळघरात नुसतं पडू दिलं. घराची हवा लागल्याशिवाय लाकूड आपला खरा आकार दाखवत नाही. कापून जोडलं आणि मग वळलं, तर चूक सुताराचीच.

मग काम सुरू झालं. प्रसन्नच्या कोपराची उंची घेऊन बेंचची उंची ठरवली. पाय माणसाच्या पोटरीएवढे जाड. प्रेस जिथे बसणार तिथे खाली बरोबर पाय आणला. दोन पायांच्या मधे प्रेस बसवली तर दांडा ओढताना फळी लवते, आणि लवली की सगळी मेहनत वाया. खालच्या फळीवर शिशाच्या गोळ्यांचे डबे ठेवायचे, म्हणजे वजन तळाशी राहतं. बेंचची पाठ भिंतीतल्या उभ्या लाकडांत स्क्रूने पिळून बसवली. दारूचं कपाट वेगळं, पलीकडच्या भिंतीला, हीटरपासून लांब. त्याची पाठ धरली, गुडघे सुजले. त्याला बरं वाटत होतं. अहिल्या गेल्यापासून पहाटे चारला उठायला पहिल्यांदाच कारण होतं.

कारखान्यातला जुना सोबती मोहन एडिसनहून फोन करायचा.

“काय चाललंय, जग्या?”

“बेंच बांधतोय. पोरगा घरी दारू भरतो ना, त्याला.”

“अरे वा! मग आम्हालाही बोलाव की!”

“बंदुकीची रे. काडतुसात.”

“ते कळलं. बोल्टने बांधतोयस का?”

“खाचा पाडून, गोंदाने. बोल्ट कशाला?”

“बाहेर कसा काढणार मग? जिना वळणाचा आहे म्हणाला होतास.”

“काढायचाच नाही.”

“बेंच बांधतोयस का खोडा?”

“फोन ठेव. गोंद वाळतोय.”

सुताराच्या धंद्यात साधा हिशेब आहे. जे सुटतं ते ढिलं होतं, आणि ढिलं झालेलं हलतं. असा बेंच सुतार जिथे राहतो तिथेच बांधतो आणि सुतार मेला तरी बेंच तिथेच राहतो. जगन्नाथला एवढंच हवं होतं. असा बेंच सोडून पोरगा कुठे जाईल? आणि गेलाच तर रविवारी भरायला इथेच येईल. अ‍ॅरिझोना किती लांब आहे, हे त्याने नकाशात बघितलं नाही.

बेंच पुरा झाला त्या दिवशी प्रसन्न कामावरून लवकर आला. त्याने प्रेस बसवली आणि सगळा जोर लावून दांडा ओढला. बेंच हलला नाही. वजनकाट्याचा काटा जागचा ढळला नाही. प्रसन्नने फळीवरून हात फिरवला, परत फिरवला. “बाबा, धिस इज सॉलिड.” त्या संध्याकाळी तो वर गेलाच नाही. बाप स्टुलावर बसला, पोरगा काडतुसं भरत राहिला. आईबद्दल दोन गोष्टी बोलला. ती गेल्यापासूनच्या दोन वर्षांत असं झालं नव्हतं.

पानगळीच्या दिवसांत प्रसन्नने सांगितलं.

“ट्रान्सफर झाली, बाबा. अ‍ॅरिझोना. घर विकावं लागेल.”

“आणि मी?”

“मोहनकाकांशी बोललोय. त्यांच्याकडे वरची रूम रिकामी आहे. मी सेटल झालो की तुम्हाला बोलावतो. आत्ता दोन मित्रांबरोबर घर घेतलंय, जागा नाहीये.” मग त्याचा चेहरा एकदम उजळला. “पण गराज आहे! मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय. वन साइड माझी. माझ्या बाबांनी बनवलेला बेंच येतोय.”

जगन्नाथ चहाचा कप विसळायला उठला.

शनिवारी प्रसन्न बोल्ट सोडवायचे पाने आणि टॉर्च घेऊन तळघरात उतरला. जगन्नाथ वर स्वयंपाकघरात उभा होता. खाली खुडबुड ऐकू येत होती. ती थांबली. मग हाक आली.

“बाबा, बोल्ट्स कुठे आहेत?”

“नाहीत.”

प्रसन्न जिन्याच्या वळणावर येऊन उभा राहिला. कपाळाला भुसा लागला होता. “मी सांगितलं होतं ना?”

“सुटं होतं ते हलतं, बाळा.”

“हलायलाच पाहिजे होता तो! माझ्याबरोबर यायला पाहिजे होता. आय आस्क्ड यू फॉर वन थिंग, बाबा.”

एवढं बोलून तो पाने तिथेच ठेवून बाहेर गेला. जगन्नाथ जिन्यात बसला. पोराबरोबर जाणारं त्याचं असं एकच काही होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने भिंतीला पिळून ठेवलं होतं.

घर घेणाऱ्यांना तळघर मोकळं हवं होतं, मुलांना खेळायला. प्रसन्न म्हणाला, माणसं बोलावतो, ते तोडून नेतील. जगन्नाथ नको म्हणाला. बांधला त्याने मोडायचा.

प्रसन्न कामावर गेल्यावर त्याने करवत लावली. सांधे उघडतात का ते आधी बघितलं. पाचर ठोकली, तर सांध्याशेजारचं लाकूड फाटलं, सांधा तसाच राहिला. त्याच्या हाताचा सांधा उघडत नाही, ही ख्याती त्याने कारखान्यात कमावली होती. मग पायच कापायला घेतले. भिंतीजवळ पात्याखाली स्क्रू आला आणि करवतीचे दात उडाले. बेंच अर्धा कापलेला, तरी ताठ उभा.

त्याने हात धुतले, कोट घातला आणि हार्डवेअरच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या पोरीने हसून विचारलं, काय बांधताय? त्याने खिशातून पेन्शनच्या खात्याचं कार्ड काढलं. आयुष्यभर रंधा मारून जे मिळवलं, त्यातून शेवटी त्याने एक करवतीचं पातं घेतलं.