तिथलं पाणी गोडं की खारं

आमच्या घरात बातम्या लावायचा हक्क माझ्या नवऱ्याचा. तो हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, आणि शाळेत मुलांनी जे ऐकून घेतलं नाही ते घरी येऊन मला शिकवतो. निवडणुका, क्रिकेट, बाजारभाव, कशातच त्याला गम्य नाही. पण दूरच्या कुठल्या ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा नवा ग्रह सापडल्याची बातमी आली, की हा माणूस चप्पल न काढता थेट स्वयंपाकघरात घुसतो. "अगं, जीवसृष्टीची शक्यता आहे!"

'शक्यता' या शब्दाशी माझं जुनं वाकडं आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षं आम्ही मांडव्याहून लाँच पकडून मुंबईला डॉक्टरांकडे जात होतो. गारेगार दवाखाने, गुळगुळीत फरशा, आणि दर वेळी तेच ऐकायचं. तुमचंही ठीक आहे, यांचंही ठीक आहे, शक्यता आहे. परतीच्या लाँचवर नवरा मला पाण्यावरचे पक्षी दाखवायचा आणि मी त्याच्यावर खेकसायचे. मग एकदा आमची सकाळची लाँच चुकली. आम्ही धक्क्यावर वडापाव खाल्ला, चहा प्यायलो आणि घरी परत आलो. पुढची तारीख कुणीच घेतली नाही. त्यावर आम्ही दोघं कधी बोललोही नाही.

आमचं गाव खारेपाटातलं. खाडीला बांध घालून मिळवलेली भातशेती, भरतीला बांधाच्या पलीकडे जिकडे बघावं तिकडे पाणी, आणि प्यायला म्हणाल तर ठणठणाट. विहीर खणावी तर मीठ वर येतं, म्हणून तेव्हा प्यायचं पाणी बायका लांबून डोक्यावर हंड्याने आणायच्या. माझं माहेर म्हसळ्याकडचं, डोंगराच्या कुशीतलं. तिथे घरामागच्या विहिरीला ऐन मे महिन्यातही हात बुडवून कळशी भरता येते. त्यामुळे खारेपाटात मुलगी देऊ नये, असं आमच्याकडची माणसं चारचौघांत बिनदिक्कत म्हणतात. मी मात्र याच्यावर भाळून बसले होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, एकटेच एसटीने येऊन घर बघून गेले. परत आल्यावर दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भात मळता मळता म्हणाले, "पोरगा चांगला हाय." एवढ्यावर लग्न ठरलं.

लग्नानंतर आई-आप्पा पहिल्यांदा आले तेव्हा मी पाण्याचे पेले घेऊन बाहेर आले. आप्पांनी हात जोडले आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली. आई माझ्या कानाशी लागून हसत म्हणाली, "लेकीच्या घरचं पानी पीत न्हाय गो बाय. नातवंड झालं का पितील." जुनी रीत होती, मी ऐकून होते. मीही हसले. वर्षभरात होईलच, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

पुढे आई गेली. आप्पा वर्षातून दोनदा येत राहिले. तांदूळ, फणस, कोकमं, काय काय घेऊन यायचे, आणि सोबत ती बाटली. जेवायचे पोटभर, पण हातसुद्धा बाटलीतल्या पाण्याने ताटातच धुवायचे. चहा विचारला की म्हणायचे, "चा सोडला मी." माहेरी गेलं की हेच आप्पा दिवसाला पाच वेळा चहा मागताना दिसायचे. मी कधी काही बोलले नाही. पण बाटलीचं झाकण उघडल्याचा तो आवाज आला की मी काहीतरी निमित्त काढून आत जायचे. जगातल्या कुणीही मला वांझ म्हटलं असतं तरी मी त्याला पुरून उरले असते. आप्पांनी न बोलता म्हटलेलं मला सोसत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अलिबागला करायचं ठरलं. दुसऱ्या तपासणीपर्यंत त्यांनी आमच्याकडेच राहायचं होतं. मी कचेरीतून रजा काढली, खोली झाडली, नवी चादर अंथरली. आप्पा आले ते तेलाचे दोन रिकामे कॅन विहिरीच्या पाण्याने भरून घेऊन. एसटीच्या कंडक्टरशी त्यावरून भांडणही करून आले होते. ते कॅन त्यांनी खाटेखाली सरकवले आणि मला म्हणाले, "माझी काळजी करू नको."

मला असा संताप आला म्हणून सांगू! ऑपरेशन व्यवस्थित झालं. काळा चष्मा लावून आप्पा खाटेवर बसून असायचे. मी वेळेवर डोळ्यांत औषध घालायचे, भाकरी कुस्करून द्यायचे, आणि केर काढताना वाकून खाटेखाली बघायचे. पहिला कॅन संपला. दुसरा अर्ध्यावर आला. आंघोळीचं विचारलं की डॉक्टरांचं नाव पुढे करून ओल्या पंच्याने अंग पुसायचे, तेही कॅनमधल्याच पाण्याने. प्यायचे तर घोटभर, औषधाची गोळी गिळण्यापुरतं. बघू या, मी मनात म्हणत होते, कॅन संपल्यावर काय करतात ते. मीही त्यांचीच मुलगी. पण हट्ट करतानाच भीतीही वाटत होती. कॅन संपला आणि तरीही आप्पांनी माझ्या हातचं पाणी नाकारलं, तर मग या घरात राहून मी काय मिळवलं, असं मला वाटलं असतं.

अशात एका संध्याकाळी नवरा शाळेतून आला तो चप्पल घालूनच. मी त्याच्या पायांकडे बघितलं आणि ओळखलं, ग्रह सापडला. पण त्या दिवशी त्याला माझी गरज नव्हती. घरात हक्काचा श्रोता होता, त्याला टीव्ही बघायची बंदी होती आणि उठून कुठे जाताही येत नव्हतं. खाटेशेजारी खुर्ची ओढून तो मोबाइलवरची बातमी वाचायला बसला. मी आत भाकऱ्या थापत होते. दार उघडंच होतं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग घर बघायला गेल्यासारखी चौकशी सुरू केली.

"पानी हाय का तिथं?"

"असू शकेल, मामा. ताऱ्यापासून बेताच्या अंतरावर आहे. पाणी उकळून जाणार नाही, गोठणारही नाही, इतपत ऊब असावी."

"गोडं का खारं?"

 वर्गात सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस, डोकं खाजवायला लागला. "ते अजून कुणी विचारलेलं नाही, मामा."

"इचारायला नको? नुस्तं पानी हाय म्हनून काय व्हतंय? तुमच्या ह्या गावाला काय पानी कमी हाय?" आप्पा म्हणाले. "बरं, कोनी बघितलाय का त्यो?"

"बघता नाही येत, इतका लांब आहे. तो ताऱ्याच्या समोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो. त्यावरून ताडायचं."

"म्हंजे घर न बघता सोयरीक."

"सोयरीक कुठली, अजून चौकशीच चालू आहे," नवरा म्हणाला. दोघंही हसले. मलाही हसू येत होतं, पण मी भाकरी उलटली आणि तव्याकडेच बघत राहिले.

"आणखी एक गंमत आहे, मामा. तो उजेडसुद्धा आजचा नाही. कित्येक वर्षांपूर्वी तिथून निघालेला आत्ता आपल्यापर्यंत पोचतोय. आज तिथे काय असेल ते आपल्याला दिसतच नाही."

"मंग तिथं जीव हाय का न्हाय, कसं सांगनार?"

"सांगता नाहीच येत. शक्यता आहे, एवढंच."

आप्पा खाटेवर जरा पुढे सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "समजा, समदं हाय. पानी हाय, हवा हाय, ऊन बेताचं हाय. आन् तरी जीव धरत न्हाय. असं व्हतं, मास्तर?"

नवऱ्याचाही आवाज उतरला. "होतं, मामा. सगळं जागच्या जागी असूनही होत नाही कधी कधी. का होत नाही, ते अजून कुणालाच सांगता आलेलं नाही."

माझा हात थांबला. खारेपाटातल्या घरांच्या भिंती काही इतक्या जाड नसतात, आणि मी काही इतकी खुळी नाही. ते दोघं कुठल्या ग्रहाबद्दल बोलत होते ते मला कळलं. नवऱ्याने ते उत्तर किती सांभाळून दिलं तेही कळलं, आणि त्याचा मला अतोनात राग आला, माया आली, आणि तोंडातून जे निघायचं ते निघून गेलं.

"मग तिथलं पाणी आप्पांना चालायचं नाही!" मी आतूनच ओरडले. "जीव नाही ना तिथे!"

 मी पिठाच्या हातांनीच दारात आले. आप्पा काळ्या चष्म्यातून माझ्या दिशेने बघत होते.

"काय बोल्लीस?"

"इतकी वर्षं बाटली घेऊन येता ना? नातवंड झालं नाही म्हणून माझ्या घरचं पाणी तुमच्या घशाखाली उतरत नाही. नका पिऊ. पण उद्या-परवा तुमचा कॅन संपेल. मग काय डोळ्याला पट्टी बांधून म्हसळ्याला जाणार आहात?"

"तुला कोनी सांगितलं ह्ये?"

"आईने. पहिल्या वेळीच."

आप्पांनी कपाळावर हात मारला. "तिला मीच तसं बोल्लो व्हतो. खरं सांगितलं असतं तर तुझी आय तुला त्याच पावली माघारी घिऊन गेली असती."

"खरं म्हणजे काय?"

 आप्पा चादरीचा काठ बोटांत धरून गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "घर बघाया आलो तवा तुझ्या सासूनं मला पेलाभर पानी दिलं. मी अर्धं प्यालो, अर्धं ठेवलं. आपल्याकडं ठेवतो तसं, सवयीनं. ती बिचारी काय बोल्ली न्हाय. पेला घिऊन आत गेली. मी दारातनं बघितलं. त्या अर्ध्या पेल्यात तिनं चमचे इसळले, त्येच पानी वाटीत धरलं, मागल्या दारी जाऊन अळवाच्या मुळाशी वतलं. एक थेंब भुईवर पडू दिला न्हाय."

सासूबाईंना मी हे रोज करताना बघितलं होतं. पुढे मीही तसंच करायला शिकले. त्यात काही बघण्यासारखं असतं, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"पोरगा लाखात एक व्हता," आप्पा म्हणाले. "तुझं मन बसलं व्हतं. न्हाय म्हनाया जीभ उचलंना. पन पान्याच्या गावात वाढलेली पोर बिनपान्याच्या गावात दिली ती मीच. मंग तुझ्या डोईवरच्या हंड्यातलं पानी मी कुठल्या तोंडानं पिऊ?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. इतकी वर्षं मी त्या बाटलीत काय काय वाचलं होतं, आणि आप्पा आपले माझ्या हंड्याचं वजन उचलत होते.

"आप्पा, आता येतं पाणी. एक दिवसाआड नळ येतो. वर टाकी बसवलीय आम्ही."

"कवापास्नं?"

"झाली की तीन-चार वर्षं."

"सांगायचं न्हाय व्हय?"

"विचारायचं नाही होय?"

आप्पांच्या डोळ्यांसमोर माझं घर अजूनही त्या पहिल्या दिवसाचंच होतं.  नवऱ्याने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"आन् ह्ये जीव न्हाय, जीव न्हाय, काय लावलंस?" आप्पा एकदम चिडून म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "ह्या घरात दोन जीव हायेत की. मला तर दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं तवाबी दिसत व्हते. त्या दोघांना प्यायाला पुरतंय का, यवढंच मी बघत आलो."

चष्म्याखालून त्यांच्या गालावर ओघळ आला. नवरा ताडकन उठला. "मामा, नको, डोळा! डॉक्टर मला ओरडतील!" असं म्हणत तो कापूस शोधायला धावला, आणि सापडेना म्हणून आतल्या खोलीत माझ्याच नावाने शंख करायला लागला. मी रडत होते आणि हसतही होते. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी मला उठवेना.

मग उठले. हात धुतले. माठातून पेला भरला आणि आप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मिशा पुसून तोंड वाकडं केलं.

"मचूळ हाय," ते म्हणाले.

"आहेच."

त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. "आजून हाय?"

"हाय, आप्पा," मी म्हणाले. "लई हाय."