अर्धी टाकी

आमचे भाऊजी एक दिवस गाडीसकट पेट घेतील, ही भीती काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना जात नाही, कपडे वाळत घालताना जात नाही, आणि आता घरातले सगळे झोपल्यावर तर ती उशाशीच येऊन बसली आहे. त्यातही वाईट हे, की पेटल्यावरसुद्धा ते शांतपणे म्हणतील, घाबरू नका, मर्यादेत आहे.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. दोन गल्ल्या सोडून राहतात. सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठा खात्यात केली, तीही गळती विभागात. शहरात कुठे पाइप फुटला, रस्त्यात तळं साचलं, की छत्री घेऊन भाऊजी बघायला जात. बघून परत येत. दुरुस्ती हा वेगळा विभाग होता आणि या दोन विभागांचं आपसात बोलणं नव्हतं. म्हणून गळती विभागाने आपली एक पद्धत बसवली होती. पाइपला हात लावायचा नाही, पाण्याचा दाब कमी करायचा. दाब उतरला की गळती उतरते. मग वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही हे खरं, पण ती तक्रार तिसऱ्याच विभागाकडे जाते. या पद्धतीवर भाऊजींना बढत्या मिळाल्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं की यांच्या काळात एकही गळती वाढली नाही. भाऊजी ते वाक्य अजून सांगतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी, शेवाळी रंगाची गाडी घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाण्यामागे पायी हिंडलेला माणूस तो. गाडीवर त्यांचा जीव जडला. पण एक सांगायला हवं, गाडी त्यांनी एकट्यासाठी ठेवलीच नाही. कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, कुणाला स्टेशनवर सोडायचं असो, भाऊजी किल्ली घेऊन उभेच. माझ्या लेकीचा पाय मोडला होता तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत रोज तिला कॉलेजात भाऊजींनीच नेलं-आणलं. पायाखाली ठेवायला घरून उशी आणायचे. अशा माणसापुढे जीभ उचलत नाही.

टाकी गळू लागली तेव्हा पहिला वास जाऊबाईंना आला. गाडीत पेट्रोलचा वास येतोय, असं त्या म्हणाल्या, तर भाऊजींनी विचारलं की मग काय अत्तराचा यायला हवा? दुसऱ्या दिवशी फरशीवर डाग पडला. भाऊजी गाडीखाली आडवे झाले, बराच वेळ निरीक्षण केलं आणि बाहेर येऊन निकाल दिला की ही गळती नाही, पाझर आहे. एक थेंब पडल्यावर दुसरा पडेपर्यंत माणसाची जांभई पुरी झाली तर तो पाझर, अशी म्हणे त्यांच्या खात्याची रीत होती. मग त्यांनी जाऊबाईंचा नवा कोरा साबण नेऊन भेगेवर घासला. दोन दिवस गाडी नुकतीच न्हाऊन आल्यासारखी वाटली, तिसऱ्या दिवशी पुन्हा पेट्रोल. मग पुट्टी मळून लावली. ती वाळायच्या आत गाडी बाहेर काढावी लागली, कारण शेजाऱ्यांना कुठेतरी सोडायचं होतं.

आमच्या ह्यांनी फारच मागे लागून एकदा त्यांना गॅरेजवाल्याकडे नेलं. टाकी गंजलीय, नवी बसवा, तोवर गाडी बंद जागेत उभी करू नका, असं तो म्हणाला. परतताना भाऊजी ह्यांना म्हणाले, डॉक्टरकडे गेलं की तो औषध लिहिणारच; तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा, असं सांगणारा डॉक्टर तू पाहिलायस का?

आणि मग त्यांना खरा उपाय सुचला. भेग टाकीच्या मध्यापेक्षा वर होती. तेव्हा टाकी अर्ध्याच्या वर भरायचीच नाही. खाली पेट्रोल, वर भेग, दोघांची गाठच पडायला नको. झाला दाब कमी! पंपावर काटा मध्याला आला की ते 'बस, बस' करून हात वर करायचे. आमच्या ह्यांना दादाच्या डोक्याचं कौतुक वाटलं. जाऊबाई तर पाहुण्यांना सांगू लागल्या की आम्ही अर्धीच भरतो, त्याने गाडी हलकी पळते. चढावर पेट्रोल मागे सरकून भेगेला भेटायला जातं, हे कळलं तेव्हा भाऊजींनी चढाचे रस्ते सोडले. दवाखाना टेकडीवर आहे. आता ते आजारी माणसाला पायथ्याशी उतरवतात आणि वर चालत गेल्याने तब्येत सुधारते म्हणतात.

वासाची तक्रार शेजाऱ्यांकडून येऊ नये म्हणून शेडचं शटर ते घट्ट बंद ठेवतात. शेड त्यांच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली आहे. अर्ध्या टाकीतूनही कुठूनतरी पाझरतंच, म्हणून गाडीखाली जाऊबाईंचं एक टाकाऊ पातेलं. त्यात जमेल ते सकाळी नरसाळ्याने परत टाकीत. थेंबभर वाया जात नाही याचा कोण अभिमान!

उद्या लेकीची नोकरीसाठी मुलाखत आहे, डोंगरापलीकडच्या शहरात. ती बसने जाणार होती. भाऊजींनी ऐकून घेतलं नाही. आज दुपारी त्यांनी मला मुद्दाम शेडमध्ये बोलावून घेतलं.

"पोरीच्या कामाला अर्ध्या टाकीने जाऊ नये," ते म्हणाले. "गळ्यापर्यंत भरून आणली."

"आणि भेग?"

"पुट्टी आहे की. शिवाय गाडी पळत असली की पेट्रोलला गळायला सवड मिळत नाही."

"भाऊजी, तुमचं सगळं शास्त्र पाण्याचं. हे पेट्रोल आहे."

"अगं, पाण्यात काय माणसं मरत नाहीत? बुडतात. म्हणून कुणी आंघोळ सोडलीय का?"

"सोडली होती," दारातून जाऊबाई म्हणाल्या. "तुम्ही दाब कमी करायचात ना, तेव्हा अख्ख्या गल्लीने सोडली होती."

भाऊजीही हसले. मीही हसले असते, पण माझं लक्ष गाडीखाली गेलं. पातेलं तिथे नव्हतं. त्याच्या जागी बादली होती.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी आधी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, मग परत उघडलं. दादाला कोण सांगणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तरही तेच होतं. मग मी आपली आयांची जुनी युक्ती काढली. लेकीला म्हटलं, मैत्रीण सोबत आहे असं काकांना कळव आणि पहाटेची बस पकड. ती बॅग भरत होती. शर्टाची घडी तशीच हातात ठेवून ती म्हणाली,

"आई, मी उतरेन गाडीतून. काका कुठे उतरणार? टाकी भरलीय म्हटल्यावर ते काकूला घेऊन कुठेतरी जाणारच."

ते खरंच आहे. भरलेली टाकी घरी बसवून ठेवणं भाऊजींना जमणार नाही. आपण खोटं बोललो तर आपली पोर सुटेल, आणि पुढच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन जाऊबाई बसतील. शिवाय सकाळपर्यंत तरी कुठे थांबायचं आहे? टाकी अर्ध्यावर येईपर्यंत ती बादली भरत राहणार, शटर बंद, आणि वर ती दोघं गाढ झोपलेली. भाऊजी पहाटेच उठून खाली जातील आणि आधी दिव्याचं बटण दाबतील. कोंडलेल्या वाफेला बटणातली ठिणगी पुरे.

इथवर लिहून झाल्यावर वाटतंय की लिहिण्यात वेळ चाललाय. ह्यांना उठवत नाही. उठवलं तर म्हणतील, सकाळी बघू. घरातल्या सुनेने थोरल्या दिरांना अपरात्री फोन करून गाडीबद्दल सुनावावं, ही आमच्याकडे न घडलेली गोष्ट आहे, आणि भाऊजी रुसतील हेही ठरलेलं. चार महिने आमच्या दारी यायचे नाहीत. न येवोत. रुसायला माणूस जागेवर हवा.

आडवळण घेणार नाही, लेकीचं नावही मध्ये आणणार नाही. दोघंही आत्ता उठून आमच्याकडे या. शेडचा दिवा लावू नका, किल्लीला हात लावू नका. सकाळी गॅरेजवाल्याला मी स्वतः घेऊन येते, आणि टाकी बदलल्याशिवाय त्या गाडीत कुणीही बसणार नाही, तुम्हीसुद्धा नाही. एवढं एका दमात म्हणायचं, मध्ये त्यांना पाण्याकडे वळू द्यायचं नाही.

लावते फोन.