आम्ही शिवलेला गणवेश

चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये किस्से कुणी मुद्दाम आणत नाही हो. बस ट्रॅफिकमध्ये अडकते, कुणीतरी तोंड उघडतं आणि बाकीच्यांची तोंडं उघडीच राहतात! एरवी सासू, सुपरवायझर, ओव्हरटाइम असे विषय असतात. पण शाळा सुरू व्हायच्या सुमाराला विषय एकच, पोरांच्या शाळेचा खर्च वाचवायचा कसा? आणि आमच्या बायका तो असा काही वाचवतात, की ऐकणाऱ्याला घाम फुटावा!

आम्ही सगळ्या गाडीच्या सीटची कव्हरं शिवतो. दिवसभर मशीन, कापड, फोम. माझं काम शिवलेलं तपासायचं. म्हणजे चुका काढायचा मला पगार मिळतो. तरीसुद्धा यांच्यापुढे मी हात टेकले.

* * *

सुरुवात सुनंदाताईंनी केली. त्या ताथवड्याच्या जुन्या घरातल्या, माझ्या शेजारच्या सीटवर बसतात. दरवर्षी बूट घ्यायला नकोत म्हणून त्यांनी नातवाला चांगले दोन नंबर मोठे बूट घेतले. पाय आत लोळायला लागले, म्हणून टाचेखाली भंगारातल्या फोमच्या चकत्या घातल्या. एक घातली, मग वाटलं कमी पडतेय, मग आणखी घातल्या.

"मग? बसले का बूट?" मी विचारलं.

"बूट बसलं गं. पोरगं उठलं!"

"म्हणजे?"

"अगं, शाळंत उंचीवर बसवत्यात. आमचा पयल्या बाकावर व्हता, त्याला उचलून शेवटच्या बाकावर घातला! आता म्हणतोय, फळाच दिसत न्हाई. बूट काढून बसला, तर बाईंनी इचारलं, सकाळी एवढा व्हतास, दुपारी एवढाच कसा?"

अख्खी बस हसली. मी मात्र सुनंदाताईंच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्यांना यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

* * *

हे ऐकून आमच्या बसचे ड्रायव्हर राजूभाऊ म्हणाले, "ताई, आमचं ऐकाल तर हे काहीच नाही."

त्यांना पोराच्या पुस्तकांना कव्हरं घालायची होती. विकतचा कागद कशाला, म्हणून त्यांनी दुसऱ्या कंपनीतल्या मित्राकडून कागद आणला. छान, जाड, तपकिरी, फुकट! सगळ्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घातली. तो कागद लोखंडी पार्ट गुंडाळायचा होता, तेल मुरवलेला. दोन दिवसांत इतिहासाचं पुस्तक भज्यांच्या कागदासारखं झालं. आरपार दिसायला लागलं!

शाळेतल्या बाईंनी राजूभाऊंना बोलावून घेतलं. "अहो, हे काय घातलंय?"

"मॅडम, याने गंज लागत नाही," राजूभाऊ म्हणाले.

आणि वर आम्हालाच विचारतात, "यात माझं काय चुकलं राव?"

* * *

सगळ्या हसत होतो, फक्त गीता खिडकीबाहेर बघत होती. गीता लातूरकडची. तिच्या नवऱ्याला कंपनीने ब्रेक दिलेला, पुन्हा कधी बोलावतील पत्ता नाही. तिची तनू नववीत गेलेली, वाकडच्या एका शाळेत. पोरगी अशी हुशार, की आमच्या पोरांना रविवारी तीच गणित शिकवते.

"मी तनूला गावाकडं धाडायलेय," गीता म्हणाली. "माझ्या आईपाशी. शाळेनं औंदा गणवेश बदललाय. नवा गणवेश, तोबी त्यांनी सांगितलेल्या दुकानातूनच घ्यायचा म्हणं. फी कशीबशी भरली माय. आता काहीच उरलं नाही."

एका गणवेशापायी लेकीला आईपासून तोडायचं? मला इतका राग आला, की मी बसमध्येच ओरडले, "आपण इतक्या जणी परक्यांच्या गाड्यांच्या सीटा शिवतो, आणि आपल्या पोरीसाठी एक कुर्ता शिवता येत नाही?"

"शाळंनं वळखलं तर?" सुनंदाताईंनी विचारलं.

"ओळखलं तर बघू!"

गीता म्हणाली, "ओळखलं आन् वर्गाबाहेर काढलं, तर मग गावच हाय."

* * *

रविवारी पिंपरीच्या बाजारात गेलो. निळ्या चौकडीचं कापड हवं होतं. दुकानदाराने ठाण उलगडलं आणि आमच्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या! एकीने दोन्ही बाजूंनी ताणलं. सुनंदाताईंनी सुई टोचून भोक मोठं होतंय का ते पाहिलं. मी ओल्या रुमालाने खसाखसा घासलं. एक ठाण नापास, दुसरं नापास, तिसरं नापास!

दुकानदार घाबरून गल्ल्यावरून उठला. "ताई, पोरीला शाळेत पाठवताय की लढाईला?"

"नववीत आहे," मी म्हणाले.

त्याने आतून शेवटचं ठाण आणलं आणि ते पास होईपर्यंत बिचारा उभाच होता.

* * *

कुर्ता सुनंदाताईंनी शिवला. त्याच बैठकीत नातवाची हाफ पँटही शिवून टाकली. आम्ही खूश! आणि मंगळवारी सकाळी बसमध्ये त्या अशा चढल्या, की चेहरा पाहूनच मी बॅग बाजूला केली.

"काल पोरगं ड्रिलला वाकलं," त्या म्हणाल्या, "आन् पँट दोनी बाजूंनी उसावली. कापड फाटलं न्हाई, काय न्हाई, फाट्‌दिशी उघडली!"

मला एकदम कळलं. सुनंदाताई काम करतात एअरबॅगच्या मशीनवर. ज्या सीटमध्ये एअरबॅग असते, तिच्या कव्हरची बाजूची शिलाई मुद्दाम कच्ची ठेवतात. धडक बसली की ती उसवून एअरबॅग बाहेर आली पाहिजे. इतकी वर्षं तीच शिलाई घालून बाईंचा हात तसाच बसलेला!

"सुनंदाताई," मी म्हणाले, "आणि तनूचा कुर्ता?"

तनू त्याच दिवशी तो कुर्ता पहिल्यांदा घालून शाळेत गेली होती!

गीता त्या दिवशी ओव्हरटाइमला पहाटेच्याच बसने गेलेली, तिचा विभागही वेगळा, आणि आमचे मोबाइल गेटवर जमा होतात. अख्खी शिफ्ट मी देवाचं नाव घेत काढली. एक चांगलं कव्हर नापास केलं, सुपरवायझर ओरडला, मला त्याचं काही नाही. सुटल्यावर बसमध्ये गीताला धरलंच. "फोन लाव आधी!"

गीता शांत. "काही होत नाही ओ ताई. मी रात्रीच सगळं उसवून पुन्हा शिवलं."

"का?" सुनंदाताई ताडकन उभ्या राहिल्या. "माझ्या शिलाईवर इस्वास न्हाई तुजा?"

नातवाची पँट भर मैदानात उघडलेली, आणि ही बाई रुसून दोन दिवस गीताशी बोलली नाही!

* * *

पुढे पंधरा-वीस दिवस निभावलं. मग शाळेतून फोन आला, "तनूच्या गणवेशाबद्दल बोलायचंय. पालकांनी येऊन भेटावं." मी रजा टाकली आणि तिच्यासोबत गेले. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "आईला कळवावं लागंल, तनू यायलीय म्हणून."

मुख्याध्यापक मॅडमच्या खोलीत तनू कोपऱ्यात उभी होती, रडून डोळे सुजलेले. मॅडमनी वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीला बोलावलं आणि दोघींना शेजारी शेजारी उभं केलं. त्या मुलीचा कुर्ता सांगितलेल्या दुकानातला. चार धुण्यांतच निळ्याचा पार राखाडी झालेला, चौकडी शोधावी लागत होती. तनूचा गडद निळा, कोरा करकरीत.

"फरक दिसतोय?" मॅडमनी विचारलं.

"दिसतोय," मी म्हणाले. खोटं काय बोलणार?

"अख्ख्या वर्गाचा गणवेश हिच्यासारखा आहे. तुमची तनू एकटीच वेगळी दिसते. रांगेत लांबूनही डोळ्यांत भरते. आमच्याकडे असं चालत नाही. गणवेश म्हणजे सगळे सारखे दिसले पाहिजेत."

गीताने हातच जोडले. "मॅडम, लेकराला काढू नका. दुकानातला आणते मी, कसंबी करून नवा आणते."

"नवा?" मॅडम दचकल्या. "नवा नको! नवा आणखी निळा दिसेल! हाच घरी न्या, सोड्यात उकळा, आणि वर्गाइतका विटवून आणा!"