वरच्या काकांच्या शेंगा

शेंगदाण्याइतके शहाणे खाणे देवाने दुसरे केले नाही, असे छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या वाशीत एकच होता आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. आम्ही पहिल्या मजल्यावर, ते दुसऱ्या, म्हणून ते आमचे वरचे काका. ऐंशीनंतरची ती वाशी: इमारती कोऱ्या, झाडे गुडघ्याएवढी आणि खाडीवरचा वारा थेट स्वयंपाकघरात. काका रबाळ्याच्या एका कंपनीत फिटर होते. कामावरून आले की बनियनवर गॅलरीत बसायचे, मांडीवर वर्तमानपत्र आणि त्यावर भाजलेल्या शेंगांचा ढीग. शेंगा संपत जातील तशा त्यांना बातम्या कळत. कराडकडच्या त्यांच्या गावाहून पोत्याने शेंगा यायच्या. काजू-बदामांविषयीही त्यांना आदर होता, पण तो श्रीमंत नातेवाइकांविषयी असतो तसा, लांबून.

त्यांचा कायदा एकच. शेंग ज्याची त्याने सोलायची. सोललेला दाणा त्यांनी कधी कुणाला दिला नाही आणि कुणाकडून घेतला नाही. एकदा सोसायटीचे अध्यक्ष गच्चीच्या गळतीवरून तावातावाने भांडायला आले, तर त्यांच्यापुढेही पसाभर शेंगा. "सोला. तवर राग उतरतोय." अध्यक्ष गळतीचे नावही न काढता खिशात शेंगा घेऊन गेले. काकूंनी पाहुण्यांसाठी बशीत खारे दाणे काढले, तेव्हा काकांनी पाहुण्यांदेखत ती बशी उचलली. "ही बशी न्हाई, सापळा हाय. मूठ भरली की तोंडात. शेंगंचं तसं न्हाई. एक सोलूस्तवर पोट इचार करतंय." पाहुणे पुन्हा आले नाहीत. काकांना त्याचेही काही वाटले नाही.

मी तेव्हा अकरावीत होते आणि जाड होते. गुटगुटीत वगैरे नाही, जाडच. कबड्डी माझा जीव की प्राण, पण कॉलेजच्या सरांनी सांगून टाकले होते की, दिवाळीच्या आत दम वाढला नाही तर संघात जागा नाही. आईने ते फारच मनावर घेतले. वजन उतरवायचे म्हणजे उपास, हे तिला कुणी शिकवावे लागले नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. आता आमच्याकडचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी आणि सगळ्यावर सढळ हाताने साजूक तूप. मी भक्तिभावाने फुगत चालले. शेवटी आईने गुन्हेगार पकडला. खिचडीतले दाण्याचे कूट! "तेलकट मेले, त्यांनीच ही सुटतेय," असे म्हणून तिने कूट बंद केले आणि भर म्हणून बटाटे वाढवले. मी मैदानावर जायचे सोडले आणि संध्याकाळी गॅलरीत तोंड लपवून रडू लागले.

वरच्या गॅलरीत ते ऐकू गेले. काका तसेच बनियनवर खाली आले.

"वैनी, पोर खेळायला का जात न्हाई?"

"काय सांगू भाऊजी, एवढे उपास करते, तरी उतरत नाही. आता तर दाणेसुद्धा बंद केलेत."

काकांनी माझ्या ताटातला बटाट्यांचा ढीग वाकून पाहिला. "बसलाय कोण ताटात, आन् हाकललं कुणाला! वैनी, ढेरपोटी खार बघितलीय का कधी?"

"खार दिवसभर झाडावर चढते, भाऊजी."

"मग हिलाबी चढू द्या की! दिवाळीपातुर पोर माझ्याकडं द्या."

उपास बंद झाले. घरात साधी भाजी-भाकरी, आणि संध्याकाळी फरसाणाच्या डब्याऐवजी वरच्या गॅलरीत बसून मूठभर शेंगा, स्वतः सोलून. नंतर मैदान. मी घाई केली की काका हात धरायचे. "सावकाश. पोट भरल्याची खबर डोक्याला उशिरा पोचते, आमच्या रबाळ्याच्या बसगाडीवानी." मी सडपातळ झाले नाही, उगाच कशाला खोटे सांगू? पण अधूनमधून लागणारी ती खा-खा गेली, कपडे सैल झाले, दम टिकू लागला. दिवाळीआधी सरांनी मला उजव्या कोपऱ्यावर उभे केले आणि पहिल्याच सामन्यात मी समोरच्या मुलीचा घोटा असा धरला की तिला हलता येईना. सगळे टाळ्या वाजवत होते. काकांनी वाजवल्या नाहीत, त्यांच्या हातात शेंगा होत्या. पण त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले, आणि त्या हट्टी माणसावर माझा किती जीव आहे ते मला तिथे कळले.

आता काका थकलेत. करंजाड्याला मुलाकडे असतात. काकू गेल्या, दातही गेले. परवा मी शेंगा घेऊन गेले आणि त्यांच्यासाठी कूट करावे म्हणून सोलायला लागले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. स्वतः एक शेंग उचलली. शेंग बोटांतून निसटत होती. घ्यावी का हातातून, असे सारखे वाटत होते, पण त्यांचा कायदा मोडायचे धाडस मला झाले नाही. बऱ्याच वेळाने ती फुटली. त्यांनी दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारून साल उडवली आणि हात माझ्यापुढे धरला.

"खा," ते म्हणाले. "मला कुठं चावतंय आता."

मी ते दाणे घेतले आणि अगदी सावकाश खाल्ले.