आईंच्या खोलीचा हिरवा रंग

शारजात, रोल्लाच्या बाजारात, रंगाच्या दुकानात उभं राहून मी आमच्या अहोंचं डोकं खाल्लं होतं, त्या संध्याकाळपासून सुरुवात करते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होत्या, व्हिजिट व्हिसावर...

सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. गुहागरकडच्या घरात आई एकट्याच राहत होत्या आणि फोनवर दर वेळी "मी बरी आहे" एवढंच म्हणायच्या. त्या इथे रमाव्यात, जमलं तर व्हिसा वाढवून आणखी राहाव्यात, एवढी एकच इच्छा होती माझी.

म्हणून त्यांच्या खोलीला हिरवा रंग द्यायचं ठरवलं. खिडकीबाहेर समोरच्या बिल्डिंगची भिंत आणि धूळ... कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांना काहीतरी थंड नको का?

आता हिरवा म्हणजे कुठला? पिस्ता नको, पोपटी तर नकोच, शेवाळी अंगावर येतो. मला हवा होता केळीचं नवं पान उलगडताना दिसतो तो, अगदी फिका. अहोंचं म्हणणं, सगळे हिरवेच आहेत, एक उचल आणि चल.

पहिला डबा फसला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली छान दिसलेला रंग घरी एकदम मळकट... आमच्या खिडक्यांच्या काचा तपकिरी होत्या, उन्हासाठी तिकडे सर्रास असतात तशा. त्यातून येणाऱ्या उजेडात हिरव्याची पार माती झाली.

मग पुन्हा दुकान. त्यात पांढरा मिसळून घेतला, भिंतीवर पट्टे मारले, सकाळी बघितले, दुपारी बघितले. कायमचं भारतात परतणाऱ्या एका कुटुंबाकडून घेतलेलं लाकडी कपाट होतं, त्याच्याशीही जमवायचं होतं. चादर आणि पडदे पांढरेशुभ्र आणले. सगळं झाल्यावर दारात उभी राहून मी स्वतःवरच खूश झाले.

आई आल्या. खोली बघून "छान केलीस" म्हणाल्या... आणि हॉलमधल्या सोफ्यावर झोपल्या.

म्हटलं, प्रवासाचा शीण असेल. मग म्हणाल्या, आत एसी लागतो. एसी बंद ठेवला, तरी त्या सोफ्यावरच. बॅगसुद्धा उघडून ठेवेनात, एक साडी काढायची आणि पुन्हा चेन लावायची. आठवडाभरात त्यांनी लेकाला हळूच विचारलं, "तिकीट आधीचं होतंय का रे बघ."

मी हबकलेच. दुपारी दोघी कोथिंबीर निवडत बसलो होतो, तेव्हा सरळ विचारलं, "आई, आमचं काही चुकलं का?"

"तुझं काही नाही गो," त्या म्हणाल्या. "हिरवा रंग आता माझा नाही. हे गेले तेव्हा बांगड्यांबरोबर हिरव्या साड्यापण गेल्या. जावांनी वाटून घेतल्या. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आता चारी बाजूंनी हिरवं... दुसऱ्या कुणाच्या जागेवर बसल्यासारखं होतं मला."

केळीचं पान, डोळ्यांना थंडावा, एवढं सगळं केलं, आणि हे डोक्यातच आलं नव्हतं. अहो घरी आल्यावर त्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्यात काय, पांढरा मारून टाकू, नाहीतरी घर सोडताना मालकाला पांढरंच करून द्यायचंय.

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, पेंटर आला. "यल्ला मॅडम, दो घंटे में खलास," असं तिकडच्या अरबीमिश्रित हिंदीत म्हणत त्याने रोलर भिजवला. आई दारात उभ्या होत्या. हिरव्यावर पांढऱ्याचा एक लांब पट्टा उमटला... आणि आईंचा चेहरा असा काही उतरला, की हिरवा काढून आपण त्यांना विधवेचा पांढरा देतोय, ते मला लख्ख कळलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच पुढे झाल्या.

"भाई, तुम बंद करो. हमको येच हिरवा रंग मंगता है."

पेंटर माझ्याकडे बघतोय, मी आईंकडे. त्या माझ्याकडे वळल्या. "तिकडे सगळे मला काय नको तेवढंच सांगतात गो. माझ्यासाठी म्हणून रंग निवडायला कधी कुणी दुकानात गेलं नव्हतं... आणि मी तो पुसायला निघाले."

मी त्यांना मिठी मारली. आमच्याकडे सासू-सुनांनी मिठ्या मारायची पद्धत नाही, पण मारली. दोघी रडलो. पेंटर बिचारा रोलर धरून उभा... अहोंनी त्याला चहा दिला आणि उरलेल्या डब्यातून तेवढा पट्टा पुन्हा हिरवा करून घेतला.

दुपारची जेवणं झाल्यावर आईंनी बॅग ओढत खोलीत नेली. जरा वेळाने आतून हाक आली. मी धावले, म्हटलं आता काय.

त्या पलंगाकडे बघत उभ्या होत्या. "ही चादर मात्र काढ बाई. हिरव्या भिंती आणि पांढरी चादर... सरकारी दवाखान्यात ॲडमिट केल्यासारखं वाटतंय."

एवढ्या अभ्यासाने केलेल्या मॅचिंगचा असा निकाल लागला. संध्याकाळी दोघी बाजारात गेलो. आईंनी दुकानदाराला फळीवरचे सगळे गठ्ठे खाली काढायला लावले आणि पिकलेल्या रतांब्याच्या गडद लाल रंगाची चादर निवडली. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

पुढे त्यांचा व्हिसा वाढवला, आणि नंतरही त्या येत राहिल्या. तेव्हापासून घरी आलेलं कुणी "छान आहे हो" म्हणालं, तर मी त्यावर फारशी विसंबत नाही. "ही चादर काढ" म्हणालं, की समजायचं... माणूस राहायला आलं.