घटक क

मी करत होते ती पीएच.डी. नक्की कुणाची, हे मला पाच वर्षांत एकदाही धड कळलं नाही. नोकरी चिकलठाण्यातल्या एका रबराच्या कारखान्यात. प्रश्नही तिथलाच: गाड्यांना लागणारे रबरी सील साच्याला चिकटतात आणि काढताना फाटतात. साच्याला आतून असा लेप द्यायचा की सील अलगद सुटून यावं. पगार कंपनीचा, साचे कंपनीचे, पदवी विद्यापीठाची. कागदावर हे फार शोभून दिसायचं. प्रत्यक्षात कारखान्यात मला ‘युनिव्हर्सिटीवाल्या मॅडम’ म्हणायचे आणि विद्यापीठात ‘कंपनीवाल्या’. सुट्टीचा अर्ज कुणाकडे द्यायचा, इथपासून माझी पंचाईत होती.

लेप जमला आणि खरा घोळ सुरू झाला. गाइड म्हणाले, लेपात काय घातलं ते लिहा, नाहीतर हा प्रबंध कसला? कंपनीतले साहेब म्हणाले, त्यातलं मुख्य द्रव्य लिहिलंत तर उद्या शेजारच्या कंपनीच्या शेडमध्येही हाच लेप लागेल. मला दोघांचंही पटायचं, हीच माझी खोड. शेवटी तोडगा निघाला: प्रबंधात त्या द्रव्याला ‘घटक क’ म्हणायचं. जे शोधता शोधता माझे केस पिकले, त्याचं नाव माझ्याच प्रबंधात नाही. मला रागही आला, पण तो कुणावर काढायचा ते ठरेना. नाव गुप्त ठेवायच्या करारावर दोन्हीकडे सह्या करून मी मोकळी झाले.

शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. म्हणून गावाहून माझे वडील, आबा आले. त्यांचं आयुष्य शेळ्यांमागे गेलेलं. पांढरं धोतर नेसून ते पहिल्या रांगेत, साहेबांच्या शेजारी बसले. सगळं इंग्रजीत चाललेलं, त्यांना एक अक्षरही कळत नव्हतं. पण मी बोलले की ते मान डोलवायचे. अर्धा तास मी धडाधड उत्तरं दिली. मग बाहेरगावच्या परीक्षकांनी चष्मा वर सरकवून विचारलं, हा घटक क म्हणजे काय?

मी साहेबांकडे पाहिलं, ते छताकडे बघत होते. गाइडकडे पाहिलं, ते कागद चाळत होते. ‘हे कंपनीच्या करारात येतं’ एवढंच म्हणायचं ठरलं होतं, पण ऐनवेळी तेही सुचेना. खरं नाव मात्र जिभेवर येऊन बसलेलं. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. अखेर गाइड उठले आणि कराराचं त्यांनीच इंग्रजीत सांगितलं. परीक्षक हसून पुढे गेले. दुपारी मी डॉक्टर झाले, सगळ्यांना पेढे वाटले.

आबांना स्कूटीवर मागे बसवून मी हर्सूलला घरी निघाले. वाटेत चहाला थांबलो.

“लई भारी बोललीस पोरी,” आबा म्हणाले. “एकच सवाल अडला. असू दे.”

“अडला नव्हता, आबा. उत्तर येत होतं. सांगायची मनाई होती.”

“इम्तिहानात उत्तर सांगायची मनाई?” ते हसायलाच लागले. “कोण करतं असली मनाई?”

“कंपनी.”

“मग मला सांग. मी काय कंपनी काढतो व्हय?”

सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? ते नाव आबांच्या ध्यानातही राहिलं नसतं. पण सही घेताना साहेबांनी घरच्यांनाही सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि मला अजून नोकरी तिथंच करायची होती. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं, हॉलमध्ये मिटलं होतं तसंच. मला रडूच यायला लागलं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“जाऊ दे बाई. येत नसलं तर नसलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “मी गावात कुणाला सांगत नाय.”