डोक्यावरचे नारळ

फ्लॅटमध्ये नारळ कसे पडतील, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणायचे. पण माझ्या सासूबाईंना ते पडताना ऐकू यायचे, आणि नारळ पडला की उठून उचलायला जायचं, ही त्यांची जन्माची सवय.

वसईतल्या सांडोर गावी आमच्या वाडीत घरामागे माड होते. धप्प झालं की हातातलं काम टाकून पळायचं, नाहीतर कुंपणापलीकडचं कोणी आधी पोचायचं. आवाजावरून सासूबाई सांगायच्या, आपल्यात पडला की त्यांच्यात. पुढे वाटण्या झाल्या, घर दिरांकडे गेलं, आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी सासूबाईंना घेऊन वसईतच पहिल्या मजल्यावर फ्लॅटमध्ये आलो. त्यांनी नव्वदी ओलांडलेली. डोकं कधी इथे, कधी वाडीत. त्यात मागे एकदा बाथरूमच्या उंबरठ्याला अडखळून पडल्या. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. वॉकरशिवाय एक पाऊल नको." ते वाक्य मी ताईत बांधावा तसं मनाशी बांधून ठेवलं होतं.

वरचा फ्लॅट बरीच वर्षं बंद होता. तो अर्नाळ्याच्या एका कोळणीने घेतला. घर लावण्याआधी तिने जुनी लादी तशीच ठेवून तिच्यावर मोठ्या चकचकीत टाइल्स बसवल्या. वास्तूच्या जेवणाला आम्ही गेलो तर पायाखाली स्वतःचं तोंड दिसत होतं. मी तोंड भरून कौतुक केलं. मला काय माहीत, ती लादी वर दिसायची आणि खाली वाजायची. खुर्ची सरकली की आमच्या डोक्यावरून करवत फिरायची. वाटी पडली तर गरगर फिरून शांत होईपर्यंत आम्ही चमचा हातात धरून थांबायचो. हे सगळं सोसलं असतं. पण पावसाळा आला आणि दुपारी-दुपारी ते सुरू झालं. धप्प. मध्ये शांतता. पुन्हा धप्प.

सासूबाई पलंगावरून पाय खाली सोडायच्या. वॉकर तिथेच, आणि या निघाल्या.

"बाय, नारळ पडला."

"आई, हा फ्लॅट आहे."

"म्हणून काय सोडून द्यायचा?"

मी हात धरून बसवायचे, की लगेच दुसरा पडायचा. मी दाराची वरची कडी लावून घ्यायला लागले. दोघांनी एकदम घराबाहेर जाणं बंद केलं, चर्चमध्ये रविवारच्या मिस्सालासुद्धा आम्ही दोघं वेगवेगळे जायला लागलो. दुपारची माझी पाठ टेकत नव्हती. कान सारखे वर.

एक दिवस वर जाऊन मी विचारलं. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"मावशी, आमच्याकडं कोन आपटनार? मुलगा हापिसात, मी एकटी बाय."

"अगं, रोज दुपारी आवाज येतो."

"तुमचं घर लई शांत. टाचनी पडली तरी तुम्हाला ऐकू येल."

"मला दुपारची झोप लागत नाही."

"मग संध्याकाळी झोपा."

खरं कारण सांगायला माझी जीभ रेटली नाही. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरलं ही बातमी चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत गावभर होते. ज्या बाईने उभी वाडी सांभाळली तिच्यावर कोणी हसावं, हे मला नको होतं. मी खाली आले. पाठून तिचं बोलणं ऐकू आलंच, "नवीन लादी बघवत नाय लोकांना."

मग आमच्या ह्यांनी उपाय काढला. हे सातिवलीच्या रबराच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेले, पण त्या दिवशी रबर काही सुचलं नाही. कुठे तरी वाचलं म्हणे की अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे छताला चिकटवले की आवाज मरतो. टेबलावर स्टूल, स्टुलावर हे, आणि खाली स्टूल धरून मी. सासूबाईंच्या खोलीचं अख्खं छत करड्या खळग्यांनी भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी धप्प आला तो सरळ, कोणाला न विचारता. आवाज नुसत्या छतातून नव्हता येत हो, भिंतींसकट सगळा स्लॅबच वाजत होता. सासूबाईंनी वर बघितलं.

"एवढी अंडी कोणी नेली?" त्यांनी विचारलं.

हसू पण आलं आणि रडू पण.

मग तो दिवस. हे बाजारात गेले होते, त्यांच्यामागे मी कडी लावायला विसरले. गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वर धप्प झालं. मी हातातला टॉवेल पिळून आत आले, तर पलंग रिकामा. वॉकर जागेवर. दार सताड उघडं.

आधी जिन्यावरून खाली वाकून बघितलं. खाली कोणी पडलेलं नव्हतं. मग वरून बोलणं ऐकू आलं. कठडा धरून मी कशी चढले, देव जाणे.

कोळणीचं दार उघडं होतं. सासूबाई तिच्या खुर्चीवर ऐटीत बसलेल्या, मांडीवर नारळ. ती त्यांच्या पायाशी बसलेली, एक हात त्यांच्या गुडघ्यावर. पलीकडे जमिनीवर पापलेटांचा एक गोठलेला गठ्ठा, बर्फाने पांढरा, दगडासारखा.

"मावशी, आजी कठड्याला धरून आल्या. म्हनाल्या, माझा नारळ दे. मी काय बोलनार? देवाजवळचा होता तो दिला."

माझी नजर त्या गठ्ठ्यावर गेली तशी तिने त्यावर पदर ओढला. मग स्वतःच सोडून दिला.

"होड्या बंद हायत ना पावसाच्या. गिऱ्हाइकं घरी फोन करतात. मोठ्या फ्रीजरमधलं म्हावरं काढते, ते चिकटलेलं असतं. आपटल्याबिगर सुटत नाय. पन कोनाला बोलू नको गं. कोळीन असून बरफातलं विकते म्हनतील."

इतक्या दिवसांचे आमचे नारळ ते हे. मी तिथेच, त्या चकचकीत लादीवर बसले आणि हसत सुटले. हसता हसता सगळं सांगून टाकलं. वाडी, माड, पडणं, डॉक्टर, अंड्यांचे ट्रे. "तूही कोणाला बोलू नकोस," म्हटलं.

"एवढंच ना? पयल्या दिवशी नाय बोलायचं? मी आपली भांडाय उभी राहिली."

सासूबाईंना आम्ही दोघींनी खाली आणलं. मी मागून धरलेलं, ती पुढे, उलट्या पावलांनी पायऱ्या उतरत. "या राणीसाहेब, हळू," म्हणत. नारळ सासूबाईंनी सोडला नाही.

पलंगावर त्यांना बसवलं आणि कोळीण छताकडे बघत म्हणाली, "हे वरून काढून टाका. मावशी, होडीला टायर कशाला बांधतात? धक्क्याला आपटू नये म्हनून. मार खायला मऊ काय तरी मध्ये लागतं. ते माझ्याकडंच पायजे, तुमच्याकडं ठेवून काय?"

दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याहून होडीचा जुना टायर आला. फाटकं जाळं घडी घालून तिने गोणपाटात भरलं, जाळं विणायच्या सुईने शिवलं, आणि ती गादी टायरच्या पोटात बसवली, म्हावरं आपटायला. आता आमच्या ह्यांना रबर आठवलं. ओळखीतून जाड रबरी पट्ट्यांचे तुकडे घेऊन आले आणि तिच्या घरात गुडघ्यांवर रांगत प्रत्येक खुर्चीच्या, टेबलाच्या, फ्रीजरच्या पायाखाली चिकटवत सुटले.

"काका, ह्या खुर्चीचा चौथा पाय उपाशी राहिला," ती उभ्यानेच हुकूम सोडायची. आयुष्यात माझं इतकं ऐकलं असतं तर.

मग चाचणी. मी खाली सासूबाईंच्या खोलीत, खिडकीशी.

"आपटू का?" वरून आवाज.

"आपट."

मी कान लावून उभी. काहीच नाही.

"अगं, आपट ना!"

"कवाच आपटलं मावशी. दोनदा."

मागे वळून बघितलं तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून आपला पदर नीट करत होत्या. पाय पलंगावरच होते.

सगळाच आवाज गेला असं नाही. चालणं ऐकू येतं, कधी वाटी गरगरते. ते येऊ दे. वर कोणी आहे हे कळलेलं बरं असतं. अंड्यांचे ट्रे मात्र ह्यांनी अजून काढले नाहीत, उद्या-उद्या चाललंय.

परवा दुपारी चहा घेताना सासूबाई मला म्हणाल्या, "बाय, हल्ली नारळ पडत नाहीत."

मी म्हटलं, "माडावरचे नारळ उतरवून घेतले आई."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी मान हलवली. बरं झालं, अशी. मग म्हणाल्या, "वरच्या बाईला एक दे. तिने मला दिला होता."

त्यांना आडवं केलं. पांघरूण घालेपर्यंत त्यांचा डोळा लागला. हे घरात नव्हते. वर धप्प झालं असेल-नसेल, मला ठाऊक नाही. मी स्वयंपाकघरातला नारळ घेतला, दार नुसतं ओढून घेतलं आणि कोळणीकडे गप्पा मारायला वर गेले.